इम्युनोथेरपी म्हणजे प्रतिकारशक्ती वाढवायचं इंजेक्शन का? मग काढ्यानं नाही का भागणार?

तुम्ही लिहिलंय काकांना तोंडाचा कॅन्सर आहे, डॉक्टर इम्युनोथेरपी म्हणतायत, मग गुळवेलीचा काढा दिला तर तेच काम होईल का. नाही होणार. मी मिरजेत मेडिकल चालवतो, काउंटरवर हा प्रश्न सारखा येतो म्हणून जरा लांबण लावतो.

या इंजेक्शननं ताकद वाढत नाही, लागलेला ब्रेक निघतो. तासगावकडं द्राक्षबागेत राखणीचं कुत्रं असतं बघा, घरच्या माणसानं डोक्यावरनं हात फिरवला की गप बसतं, आणि बसायलाच पाहिजे नाहीतर घरच्यांनाच फाडंल. आपल्या टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे ते कुत्रं, त्यांच्यावरचं पीडी-१ नावाचं प्रोटीन म्हणजे डोकं, समोरच्या पेशीवरचं पीडी-एल१ हे प्रोटीन म्हणजे हात. बऱ्याच गाठी काय करतात, चोर असून हात फिरवायला शिकतात. वर टी पेशी हल्ला करताना जे इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडतात त्यानंच गाठीवर पीडी-एल१ आणखी वाढतं, म्हणजे कुत्रं जेवढं भुंकंल तेवढा चोर जास्त गोंजारणार आणि गाठ निवांत वाढत राहणार. आता अशा कुत्र्याला काढा पाजून धष्टपुष्ट केलं तरी काय उपयोग? उलट गुळवेलीनं लिव्हर बिघडल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापल्यात, त्यामुळं डॉक्टरला न सांगता तर अजिबात नको.

निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधं पीडी-१ वर जाऊन बसतात, हाताला डोकंच सापडत नाही. सीटीएलए-४ म्हणून दुसरा ब्रेक आहे, तो आधीच लागतो, साखळी सोडायच्या वेळीच. हे दोन्ही ब्रेक काढून कॅन्सरवर उपचार होतो हे दाखवल्याबद्दल ॲलिसन आणि होंजो या शास्त्रज्ञांना २०१८ चं नोबेल मिळालं.

पण सगळ्यांना लागू पडत नाही हे आधीच सांगतो, गाठीच्या तुकड्यावर पीडी-एल१ ची टेस्ट करून थोडा अंदाज येतो एवढंच. आणि किंमत ऐकून माणूस खाली बसतो. त्यावर मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं चांगलं काम केलंय, तोंड-घशाच्या, बराच वाढलेल्या कॅन्सरला गोळ्यांच्या उपचारासोबत निव्होलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी दिलं, नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्श्याहून कमी, तर वर्षभरानं जिवंत असणारे साधारण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. काकांना हे बसतंय का तेवढं डॉक्टरांना नक्की विचारा.

आणि एक, गोंजारणं बंद झालं की कुत्रं कधी घरच्यांनाही चावतं. आतडी, फुप्फुस, लिव्हर, थायरॉईड, कुठंही, कधी इंजेक्शन थांबवल्यावर महिन्यांनीसुद्धा. मागं एक पोरगा वडलांसाठी जुलाबाच्या गोळ्या मागायला आला, मी सहज विचारलं काय चालू आहे तर हेच इंजेक्शन. गोळ्या दिल्याच नाहीत, तसाच डॉक्टरकडं पाठवला. आतड्याला सूज होती, स्टेरॉईडवर ठेवावं लागलं. पोरगा आधी माझ्यावर चिडलावता.