मेंदू आणि मणक्याला रेडिएशन दिल्यावर मुलाच्या फुफ्फुसांना त्रास होतो का?

होऊ शकतो, पण प्रत्येकाला नाही. मेड्युलोब्लास्टोमात (लहान मुलांमधला मेंदूचा एक कर्करोग) पूर्ण मणक्याला साधारण 23.4 किंवा 36 ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक) डोस देतात. पाठीतून दिलेले फोटॉन किरण (नेहमीच्या रेडिएशनचे एक्स-रे) छातीतून पुढे जातात, त्यामुळे फुफ्फुसाच्या काही भागाला डोस मिळतो. लहान वयात मणक्यांची वाढही खुंटते, छाती आखूड राहते आणि श्वासाची क्षमता कमी पडू शकते. हे वर्षांनुवर्षे लक्षातच येत नाही, म्हणून तक्रार नसली तरी डॉक्टरांना पीएफटीबद्दल (फुफ्फुसांची क्षमता मोजणारी तपासणी) नक्की विचारा. लोमस्टिन हे केमोचं औषध दिलं असेल तर आवर्जून सांगा, तेही फुफ्फुसांना बाधतं. प्रोटॉन हे वेगळ्या प्रकारचे किरण मणक्यापाशीच थांबतात, त्यामुळे फुफ्फुसांना डोस फार कमी मिळतो. नवी मुंबईत खारघरच्या टाटा कॅन्सर केंद्रात ती सोय आहे. कोरडा खोकला, धाप लागली तर थांबू नका. घरात कुणीही सिगारेट ओढू नये, कृपया.