कोटेशन मागवायच्या आधी एक गुरुवार काढ

अरे मित्रा,

तुझा मेल वाचला. हवा दाबून देणारा कॉम्प्रेसर, पाणी गार करणारा चिलर, वाफेचा बॉयलर तिन्ही बदलायचं काम तुझ्याकडे आलं, खूप बरं वाटलं. पण कोटेशन मागवायची घाई करू नकोस. तुमच्या भोसरीला गुरुवारी प्लांट बंद असतो ना, त्या दिवशी सकाळी एक फिटर सोबत घेऊन जा, एकच कॉम्प्रेसर चालू कर, हवेची लाइन भरू दे आणि घड्याळ लावून बस. एकही मशीन हवा घेत नाहीये तरी तो लोड होणार (हवा भरणार), अनलोड होणार (नुसताच फिरणार), परत लोड. समजा ५०० सीएफएमचं (मिनिटाला ५०० घनफूट हवा देणारं) मशीन आहे, दीड मिनिट लोड आणि साडेतीन मिनिटं अनलोड, म्हणजे ३० टक्के, १५० सीएफएम नुसती गळती. चार-पाच वेळा मोज. मग लाइनीच्या बाजूने चाल, बंद शॉपमध्ये तुला ऐकूच येईल, कपलिंगपाशी, एफआरएलच्या (फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटर) बाऊलपाशी, होजच्या क्लिपखाली बारीक सूंऽऽ. साबणाचं पाणी लाव, बुडबुडा आला की टॅग बांध. ७ बारला ३ मिमीचं एक भोक साधारण ३ किलोवॅट खातं, दिवसरात्र.

मी नेमकं उलटं केलं होतं. टोकाला प्रेशर पडायचं, ऑपरेटर रोज ओरडायचे, मी मोठा स्क्रू कॉम्प्रेसर मागवला. आला, बसवला, तरी टोकाला प्रेशर पडतंच होतं, कारण दोष चोक झालेल्या फिल्टरात आणि बारीक पाइपात होता. नवीन मशीन निम्मा वेळ अनलोडला, आणि अनलोडलाही साधा स्क्रू फुल लोडच्या पाव ते एक तृतीयांश वीज ओढतो. ते बिल अजून डोळ्यासमोर येतं.

गळती थांबली, फिल्टर बदलले की प्रेशरचं सेटिंग ७.५ बारवरून हळूहळू ६.५ वर आण, एक बारमागे ६-७ टक्के वीज वाचते. ०.२ ने उतर, दर वेळी टोकाच्या मशीनवरच्या ऑपरेटरला जाऊन विचार. मग जी मागणी उरेल त्यावर साइझ ठरव. वरखाली होणाऱ्या लोडला एक व्हीएफडी (मागणीप्रमाणे मोटरचा वेग बदलणारा) कॉम्प्रेसर पुरतो, बेस लोडला, म्हणजे कायम लागणाऱ्या हवेला, फिक्स्ड स्पीडच चांगला.

चिलरच्या कंडेन्सर ट्यूबचं आधी डीस्केलिंग करून घे, म्हणजे आत साचलेला क्षार काढून टाक, आणि ७ डिग्रीचं पाणी खरंच कुणाला लागतं ते विचार, एक डिग्री वर नेलं तरी विजेत साधारण ३ टक्के फरक पडतो.

आणि हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय, तिन्हीची प्रपोजल वेगळी करू नकोस. कॉम्प्रेसरला दिलेली बहुतेक वीज उष्णता होऊन ऑइल कूलरमधून बाहेर जाते, आपण ती पंख्याने उडवतो आणि पलीकडे बॉयलर गार फीड वॉटर (त्यात भरायचं पाणी) तापवायला इंधन जाळतो! फीड वॉटर ६ डिग्री गरम मिळालं तर इंधन जवळपास १ टक्का वाचतं. कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं झालेलं गरम पाणी, बॉयलरला किती परत येतं तेही बघ, नाहीतर गरज नसताना मोठा बॉयलर घेशील.

गुरुवारचे लोड-अनलोडचे आकडे वहीत लिहून फोटो पाठव, रात्री फोनवर बसून साइझिंग करू.