वाचकांचे प्रश्न: खोक्यावरचे दोन हजार आणि डायफ्रॅमची कळ

मुलाच्या वाढदिवसाला ऑनलाइन मायक्रोस्कोप मागवला. खोक्यावर ‘२००० पट’ असं छापलंय. पण कांद्याचा पापुद्रा १० च्या भिंगाखाली बरा दिसतो, ४० खाली धूसर होतो आणि १०० लावलं की नुसता अंधार. परत पाठवू का? – एक आई, घोडबंदर रोड

थांबा, एवढ्यात पाठवू नका. मायक्रोस्कोप बहुधा ठीक असेल, खोटा आहे तो खोक्यावरचा आकडा. १०० च्या ऑब्जेक्टिव्हवर (वस्तूजवळचं भिंग) २० चा आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) चढवला की गुणाकार दोन हजार होतो, आणि तेवढ्यावर विक्री होते. ठाण्यातल्या एका कॉलेजच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली, तिथे २० चा आयपीस कपाटातच पडून असायचा.

आता ऑब्जेक्टिव्हच्या नळीवर काय कोरलंय ते बघा. ‘४०/०.६५’ असं काहीतरी असेल. ४० म्हणजे किती पट मोठं. ०.६५ म्हणजे ते भिंग वस्तूकडून येणारा प्रकाश किती रुंद कोनातून गोळा करतं. बारकावा दिसणार की नाही ते हा दुसरा आकडा ठरवतो. जर्मनीतल्या येना गावी एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये हे मांडलं. हिरव्या प्रकाशात ०.६५ च्या भिंगाला साधारण अर्ध्या मायक्रॉनवरचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दोन ठिपके वेगळे दिसतात, १.२५ च्या भिंगाला पाव मायक्रॉनवरचे. त्यापुढे कितीही मोठं करा, तोच गढूळपणा मोठा होतो. ढोबळ हिशेब असा, की या दुसऱ्या आकड्याला हजाराने गुणा, त्यापलीकडची ‘पट’ फुकट. म्हणजे तुमच्या १०० च्या भिंगावर १.२५ लिहिलं असेल तर साडेबाराशे. १० चा आयपीस लावा आणि २० चा विसरा.

४० खाली धूसर का, याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. पहिलं, स्लाइड उलटी ठेवलीय का ते बघा. हसू नका, कॉलेजातली मुलंही सर्रास ठेवतात. ४० चं भिंग वस्तूच्या एक मिलिमीटरहूनही जवळ यावं लागतं. कव्हरस्लिप, म्हणजे नमुन्यावर ठेवायची पातळ काच, खाली गेली, की मधे स्लाइडची अख्खी जाड काच येते आणि फोकस होतच नाही. १० च्या भिंगाला मात्र तेवढं अंतर चालतं, म्हणून तिथे सगळं छान वाटतं. दुसरं, कव्हरस्लिप घातलीय ना? नळीवर ‘०.१७’ लिहिलेलं असतं, ती कव्हरस्लिपची मिलिमीटरमधली जाडी, आणि भिंग तेवढी काच गृहीत धरूनच घडवलेलं असतं. तिसरं, भिंगाच्या टोकाला आयोडिन किंवा पाणी लागलंय का? लागलं असेल तर लेन्स पेपरने टिपा, ओढणीने नको.

१०० खाली अंधार असणारच. ते तेलाचं भिंग. त्याला कव्हरस्लिपवर इमर्शन ऑइलचा थेंब लागतो, कंडेन्सर (स्लाइडखालचं, प्रकाश एकवटणारं भिंग) पार वर आणि दिवा पूर्ण लागतो. कांद्याच्या पेशींना त्याची गरजच नाही. मुलाला वर्षभर १० आणि ४० वर खेळू द्या.

तळ्याच्या पाण्यातले जीव बघताना डायफ्रॅम बंद केला की कडा ठळक दिसतात, उघडला की सगळं पांढरंफटक. आमचे सर म्हणतात उघडाच ठेव. बाई, नक्की काय करायचं? – बी.एस्सी.चा विद्यार्थी, वाशी

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण मायक्रोस्कोपची निम्मी विद्या त्या डायफ्रॅमच्या, म्हणजे कंडेन्सरखालच्या लहानमोठ्या होणाऱ्या झरोक्याच्या, कळीत आहे.

ब्राइट फील्डमध्ये, म्हणजे नेहमीच्या साध्या पद्धतीत, दिव्याचा प्रकाश खालून कंडेन्सरमधून वस्तूत शिरतो आणि आरपार ऑब्जेक्टिव्हमध्ये जातो. पार्श्वभूमी उजळ असते, आणि वस्तू दिसते ती तिने प्रकाशातून जेवढं काढून घेतलं तेवढीच. रंगवलेला केंद्रक प्रकाश शोषतो, म्हणून गडद. तुझे तळ्यातले जीव म्हणजे बहुतांश पाणीच, ते जवळजवळ काहीच शोषत नाहीत. पाण्यात बुडवलेला काचेचा पेला जसा फक्त कडांवरून कळतो, तसे ते कळतात.

डायफ्रॅम मिटला की प्रकाशाचा शंकू अरुंद होतो आणि कडांना काळी रेघ येते. डोळ्याला बरं वाटतं. पण तीच रेघ फसवी. बारीक तपशील गळतात, कडेला दुहेरी-तिहेरी झालरी येतात, आणि विद्यार्थी त्यांना ‘पेशीचं आवरण’ म्हणून वहीत काढतात! तेव्हा तत्त्व सरांचं बरोबर आहे. पण सताड उघडा ठेवला की चमक सगळं धुऊन टाकते, ही तुझी तक्रारही खरी.

मध्यम मार्ग असा. आधी स्लाइड फोकस कर. मग आयपीस काढून नळीत बघ, तळाशी उजेडाची गोल चकती दिसेल. डायफ्रॅम मिटत आण, साधारण तीन चतुर्थांश चकती उजळ राहिली की थांब. आयपीस परत लाव. जिवंत नमुन्यासाठी आणखी थोडा मिटलास तर चालेल, मात्र काय गमावतोयस ते ठाऊक हवं. ऑब्जेक्टिव्ह बदललं की हे पुन्हा कर. उजेड जास्त वाटला तर दिव्याचं बटण फिरव. त्यासाठी डायफ्रॅम मिटायचा नाही आणि कंडेन्सर खाली घ्यायचा नाही. इथे मी हट्टी आहे.

कंडेन्सरची उंची जमवायची चांगली रीत ऑगस्ट कोलर यांनी १८९३ मध्ये दिली. दिव्यापाशी वेगळा डायफ्रॅम असेल तर तो मीट, त्याची कड स्पष्ट दिसेपर्यंत कंडेन्सर वरखाली कर, दोन स्क्रूंनी ती मधोमध आण आणि क्षेत्राच्या जरा बाहेर जाईल एवढी उघड. कॉलेजच्या साध्या मायक्रोस्कोपला तो नसतो. तिथे दिव्याच्या काचेवर पेन्सिलचं टोक धर आणि नमुन्यासोबत ते टोकही स्पष्ट दिसेल इथे कंडेन्सर थांबव. आरशाचा मायक्रोस्कोप असेल तर कंडेन्सरसोबत सपाट बाजू वापर, अंतर्वक्र बाजू कंडेन्सर नसताना. आरसा थेट उन्हाकडे कधीही करू नकोस, डोळा जाईल.

आणि रंग वापर की! कव्हरस्लिपच्या एका कडेला मिथिलीन ब्लूचा अगदी पातळ थेंब, समोरच्या कडेला टिपकागद, रंग आपोआप आत ओढला जातो. रंगाशिवाय जिवंत पेशी नीट दिसाव्यात म्हणून झेर्निके यांनी फेज कॉन्ट्रास्टची युक्ती काढली, १९५३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यालाच मिळालं. ते उपकरण महाग. टिपकागद स्वस्त.

फ्लेमिंगो खाडीत जे खातात ते घरच्या मायक्रोस्कोपखाली दिसेल का? – एक निवृत्त वाचक, ऐरोली

दिसेल, आणि झकास दिसेल. छोटे फ्लेमिंगो (लेसर फ्लेमिंगो ही जात) चोचीने पाणी गाळून मुख्यतः नीलहरित शैवाल आणि डायॅटम (कवचवालं एकपेशी शैवाल) खातात. शैवालाला स्वतःचा रंग असतो, त्यामुळे रंगवण्याची कटकटच नाही. धागे १० च्या भिंगाखाली सापडतात, आतले कप्पे ४० खाली. डायॅटमची कवचं वाळूच्याच द्रव्याची, आणि त्यांवर इतक्या बारीक रेघा असतात की भिंगं पारखायला त्यांचाच वापर होत आला.

फक्त नमुन्यासाठी खाडीत उतरू नका. ठाणे खाडीचा तो भाग २०१५ पासून अभयारण्य आहे, तिथून काही उचलायला वन विभागाची परवानगी लागते, आणि गाळात पाय रुततो ते वेगळंच. मासुंदा किंवा उपवन तलावाच्या काठच्या दगडावरचा हिरवा थर चमच्याने खरवडून आणा, त्यातही डायॅटम भरपूर मिळतात.

आकार मोजायचा असेल तर आयपीसवर ‘१८’ असा क्षेत्रांक (आयपीसमधून दिसणाऱ्या वर्तुळाचा मिलिमीटरमधला आकडा) शोधा. त्याला १० ने भागा, १० च्या भिंगाखाली दिसणारं वर्तुळ १.८ मिलिमीटरचं.

इमर्शन ऑइलऐवजी खोबरेल चालेल का? – दोन-तीन वाचकांनी विचारलंय

नाही. इमर्शन ऑइलचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा) काचेइतका, १.५१५ च्या आसपास असतो. खोबरेलाचा १.४५ च्या आसपास, शिवाय थंडीत ते थिजतं. ४० च्या भिंगाला तर कुठलंच तेल लागू देऊ नका.

पावसाळ्यात भिंगावर जाळी आली. पुसून जाईना. – एक शिक्षिका, कळवा

बुरशी. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या दमटपणात लाकडी पेटीत बंद करून ठेवलेल्या भिंगाला ती हमखास धरते आणि वरचा लेप खाते. बाहेरच्या काचेवर ताजी असेल तर लेन्स क्लीनर आणि लेन्स पेपरने निघते. ऑब्जेक्टिव्हच्या आत असेल तर स्वतः उघडू नका, ती भिंगं पुन्हा जागेवर बसवणं आपल्या हातचं नाही. पुढच्या वर्षी मे अखेरीस ऑब्जेक्टिव्ह आणि आयपीस काढून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. जेल निळं असेल तर गुलाबी झालं की तापवून परत वापरा. आणि आयपीस काढलेल्या नळीवर टोपी घाला, नाहीतर आत धूळ जाते.