रोमनेस्क, रोमन आणि गाभारा

प्रश्न असा आला आहे: स्पेनमधल्या खेड्यातल्या एका 'रोमनेस्क' चर्चवर मराठीत लिहायचं आहे. 'रोमन शैलीचं चर्च' म्हटलं तर चालेल का? आणि त्यातल्या 'ॲप्स'ला, म्हणजे वेदीमागच्या अर्धगोल टोकाला, गाभारा म्हणावं का?

दोन्ही नको.

'रोमन शैलीचं चर्च' म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे एक तर कोलोसियम येतं, नाही तर रोमन कॅथलिक पंथ. रोमनेस्क ही मध्ययुगीन युरोपातली बांधणीची शैली, तिच्या इमारती मुख्यतः अकराव्या-बाराव्या शतकातल्या. पश्चिमेकडचं रोमन साम्राज्य पाचव्या शतकातच आटोपलं होतं. शैलीचं नाव तर आणखी उशिराचं. १८१८ साली शार्ल द जेर्व्हिल या फ्रेंच अभ्यासकाने एका पत्रात तिला 'रोमां' म्हटलं. लॅटिन मोडून जशी फ्रेंच झाली, तशी रोमन बांधणी मोडून ही झाली, असा त्याचा हिशेब. आपला 'अपभ्रंश' हा शब्द या कल्पनेच्या अगदी जवळचा. त्यातली हेटाळणीसुद्धा तीच! स्पॅनिशमध्ये 'रोमानो' आणि 'रोमानिको' वेगळे आहेत. मराठीत हा भेद राखायचा तर 'रोमनेस्क' तसाच ठेवावा. इंग्रजी पुस्तकावरून लिहिताना आणखी एक खड्डा आहे: इंग्लंडमधल्या याच शैलीला तिकडे 'नॉर्मन' म्हणतात. ती वेगळी शैली समजू नये.

आता ॲप्स. पिरेनीज पर्वतातल्या बोई खोऱ्यात ताउल नावाचं खेडं आहे. तिथलं सान्त क्लिमेन्त चर्च १० डिसेंबर ११२३ रोजी अर्पण झालं. गोल खांबांच्या दोन रांगांनी आतल्या जागेचे तीन लांबट भाग पडतात, वर लाकडी छप्पर, बाजूला उंच चौकोनी घंटामनोरा. तिन्ही भागांच्या पूर्वेकडच्या टोकाला भिंत अर्धवर्तुळात बाहेर फुगते आणि तिच्यावर दगडी अर्धघुमट बसतो. हे फुगलेलं टोक म्हणजे ॲप्स.

गाभारा म्हणजे भिंतींनी बंदिस्त, दार आणि उंबरठा असलेली खोली. मूर्ती आत, भक्त बाहेर. ॲप्सला दार नसतं. ती कमानीतून सभागृहाकडे सताड उघडी असते, आणि उपासना चालते ती वेदीपाशी. म्हणजे गाभारा हे जागेचं नाव आहे, ॲप्स हे आकाराचं. आकारासाठी मराठीत 'चापाकृती' शब्द आहेच. तेरचं त्रिविक्रम मंदिर किंवा कार्ल्याचं चैत्यगृह पाहिलेल्या माणसाला 'चापाकृती टोक' म्हटलं की लगेच कळतं.

कार्ल्याची तुलना मात्र इथेच थांबवावी. चैत्यगृहात खांबांची रांग स्तूपामागून वळते, त्यामुळे बाजूची वाट प्रदक्षिणामार्ग होते. ताउलमध्ये बाजूचे भाग वळत नाहीत, प्रत्येक आपापल्या ॲप्समध्ये संपतो. म्हणून त्यांना 'बाजूचं दालन' म्हणावं. सांतियागो दे कोम्पोस्तेलासारख्या मोठ्या यात्रास्थानी वेदीमागून फिरणारी वाट आहे. तिथे 'प्रदक्षिणामार्ग' शोभेल.

आकार किती महत्त्वाचा, ते ताउलच्या भित्तिचित्रांवरून दिसतं. मधल्या ॲप्सच्या अर्धघुमटात सिंहासनस्थ ख्रिस्त रंगवलेला होता. १९१९ ते १९२३ या काळात खोऱ्यातल्या चर्चमधली चित्रं उतरवून बार्सिलोनाला नेली. पद्धत अशी: चित्रावर प्राणिज सरसाने कापड चिकटवायचं, वाळू द्यायचं, मग रंगाच्या पातळ थरासकट सोलून काढायचं. पुढे मागून नवं कापड लावून समोरचा सरस कोमट पाण्याने सोडवतात. यात रंग पूर्ण निघत नाही, थोडा भिंतीवर राहतो. ताउलमध्येही तो राहिला. आणि हे चित्र सपाट भिंतीवर लावता येत नाही: वक्रतेवर रंगवलेल्या आकृत्या सरळ ताणल्या तर त्यांची प्रमाणं बिघडतात. म्हणून संग्रहालयात ॲप्सच्याच आकाराचा लाकडी सांगाडा करून त्यावर ते बसवलं. इथे 'गाभाऱ्याच्या भिंतीवरचं चित्र' असं भाषांतर केलं, तर हा सगळा खटाटोप कशासाठी ते वाचकाला कळणारच नाही.

पहिल्या उल्लेखात 'ॲप्स, म्हणजे वेदीमागचं चापाकृती टोक' असं लिहावं, पुढे नुसतं 'ॲप्स' पुरे.