बाप्तिस्म्यानंतरचा सोमवार

रविवारी तुझा बाप्तिस्मा झाला, सगळ्यांनी मिठ्या मारल्या, फोटो निघाले. आता सोमवार उजाडेल, आणि खरं काम तिथून सुरू होतं बघ.

माझंच सांगतो. मी द्राक्षांचा धंदा करायचो. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढला की क्रेटमागे अर्धा किलो जास्तीची घट धरायची, म्हणजे तेवढं वजन कापून पैसे कमी द्यायचे, ही हाताला लागलेली सवय. बाप्तिस्म्यानंतरही तीन महिने ती सुटली नव्हती, आणि रविवारी पहिल्या बाकावर बसून मी मोठ्याने गातही होतो! मग एकदा बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, 19व्या अध्यायात, येशूला बघायला उंबरावर चढलेला जकातदार जक्कय वाचला. गडी उंबरावरून उतरला आणि लुबाडलेल्यांना चौपट परत द्यायला तयार झाला. मला चौपट काही झेपलं नाही. पण जुनी वही काढली, हिशेब केला आणि पिंपळगावच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचे पैसे पाकिटात घालून नेऊन दिले. त्याने दोनदा मोजले, चहासुद्धा विचारला नाही. (बरोबरच होतं त्याचं.) त्या रात्री मात्र शांत झोप लागली.

घरी घाई करू नकोस. आईच्या देवघरावरून वाद नको; तिची औषधं वेळेवर आण. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी, आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मध्ये पाच वर्षं गेली.

आणि सकाळच्या प्रार्थनेला येत जा. उशीर झाला तरी मागच्या बाकावर जागा असते.