शेजारणीने दिलेलं ते पाकीट आधी बाजूला ठेव

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. बीपी वाढलं म्हणून बत्तिसाव्या आठवड्यात सिझर, दीड किलोचं बाळ, महिनाभर काचेच्या पेटीत, आणि आता चार महिन्यांचं झालंय, थोडं अंगावर पितं थोडं पावडरचं दूध लागतं. पाळी अजून नाही आली. सासूबाई म्हणतात अंगावर पाजतेस तोवर दिवस जात नाहीत, आणि गेलेच तर एकात एक उरकून जाईल. नवरा कंडोमचं नाव काढलं की कुरकुरतो, आणि शेजारीण माला-डीचं, म्हणजे दिवस जाऊ नयेत म्हणून रोज घ्यायच्या गोळ्यांचं, पाकीट देऊन गेली, ते घेऊ का असं विचारतेयस.

नको घेऊस. त्या गोळीत इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन असतं, त्याने दूध कमी होऊ शकतं म्हणून अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने ती देत नाहीत. आणि तुझं बीपी वाढलेलं होतं ना, ते आता नॉर्मलला आलंय का हे मोजल्याशिवाय तर मुळीच नको.

सासूबाईंचं म्हणणं अगदीच खोटं नाही गं, पण अर्धंच आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही आणि बाळ दिवसरात्र फक्त आईच्याच दुधावर, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच त्या पाजण्यावर भरवसा ठेवता येतो. तुझं पावडरचं दूध चालू आहे म्हणजे तिसरी गोष्ट गेलीच. पाळी यायच्या आधीच बीज सुटतं, त्यामुळे पाळी आली नाही म्हणून बिनधास्त राहून कित्येकींना पुन्हा दिवस गेलेत. तू लिहिलंयस की दोन-तीनदा काहीच वापरलं नव्हतं, तर शेवटच्या वेळेनंतर तीन आठवडे झाले की लघवीची टेस्ट करून टाक, आणि तोपर्यंत कंडोम. नवऱ्याने कुरकुरायचं असेल तर खुशाल कुरकुरू दे.

आता 'एकात एक उरकून जाईल' याचं. मला या वाक्याचा रागच येतो, बाळंतपण म्हणजे काय दिवाळीची साफसफाई आहे का! एक बाळ लवकर झालं की पुढचंही लवकर व्हायची शक्यता इतर बायकांपेक्षा जास्त असते आणि मध्ये अंतर कमी असलं तर ती आणखी वाढते, शिवाय सिझरचा टाका भरायलाही वेळ लागतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की बाळंतपणानंतर पुन्हा दिवस जाण्याआधी निदान २४ महिने जाऊ द्यावेत. सासूबाईंना हे तू नको सांगूस, डॉक्टरांकडे त्यांनाच सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे.

तुला काय चालेल म्हणशील तर माझं पहिलं मत तांबीला. सिझर झालेल्या बाईलाही बसवतात, दुधावर परिणाम नाही, बीपीशी संबंध नाही, आणि काढली की लगेच दिवस राहू शकतात. सुरुवातीचे काही महिने पाळीत जास्त जातं, पोटात दुखतं, हे आधीच सांगून ठेवते. आत काही घालायची भीती वाटत असेल तर सरकारी दवाखान्यात 'छाया' नावाची गोळी फुकट मिळते, तिच्यात हार्मोन नाही, पाजणाऱ्या आईला चालते, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदाच घ्यायची. पाळी पुढेमागे होते तिने, तेव्हा घाबरू नकोस, फार लांबली तर टेस्ट कर. तीन महिन्यांचं 'अंतरा' इंजेक्शनही आहे पण ते सोडल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात, आणि बीपी अजून जास्त असेल तर आधी डॉक्टरांना विचार.

दवाखान्यात जाशील तेव्हा डिस्चार्जचा कागद घेऊन जा, बीपी किती होतं ते त्यात असेल. पुढच्या वेळी दिवस राहिले की पहिल्या तीन महिन्यांतच जाऊन तो दाखवायचा, बीपी पुन्हा चढू नये म्हणून ॲस्पिरिनची छोटी गोळी लवकर सुरू करतात ती तुला लागेल का हे त्यावरूनच ठरवतात, म्हणून नीट जपून ठेव.

आणि एक, तू शेवटी अगदी बारीक अक्षरात लिहिलंयस की नवरा जवळ आला की तुला ती पेटी आणि त्या नळ्याच आठवतात. हे त्याला सांगितलंयस का कधी? त्याला बहुतेक वाटत असेल तू त्याच्यावर रागावलीयस. आज रात्री बाळ झोपलं की सांग.