जर्मनीत पीएचडी करताना मूल: सही करायच्या आधी कॉन्ट्रॅक्ट नीट बघ

अगं, तू विचारलंयस की जर्मनीतल्या पीएचडीची ऑफर आलीये, वय २९, आधी डिग्री संपवू की मध्येच मूल होऊ देऊ, आणि घरून दोन्हीकडच्यांचं "शिक्षण कधी संपणार तुझं" चालूच आहे. माझी पीएचडी इथलीच, केमिस्ट्रीतली, आणि मुलगी तिसऱ्या वर्षात झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शिक्षण, मग नोकरी, मग सेटल होणं आणि मग मूल, हा क्रम इथे पाळायला गेलीस तर फार लांबतं गं. पीएचडीलाच चार-पाच वर्षं, नंतर पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं रिसर्चचं काम, आणि तेही तुकड्यातुकड्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर, म्हणजे सेटल होईपर्यंत चाळिशी दिसायला लागते. जर्मन बायकांचंही तेच होतं, पहिलं मूल सरासरी तिशीला आणि जास्त शिकलेल्यांमध्ये मूल नसलेल्यांचं प्रमाणही जास्त. काहींना मूल नकोच असतं, तो त्यांचा निर्णय, पण हवं असून नुसतं पुढे ढकलत राहिलेल्याही मी पाहिल्यात आणि त्याचंच मला वाईट वाटतं.

आता महत्त्वाचं. तुला पैसे नोकरीच्या कॉन्ट्रॅक्टवर मिळणार की स्कॉलरशिप म्हणून, हे आधी बघ. कॉन्ट्रॅक्ट असेल तर डिलिव्हरीआधी ६ आणि नंतर ८ आठवडे मुटरशुत्स, म्हणजे बाळंतपणाची रजा, त्यात साधारण पूर्ण पगाराएवढे पैसे मिळतात. पुढे एल्टर्नगेल्ड, म्हणजे बाळ सांभाळणाऱ्या आई-बापाला सरकारकडून मिळणारे पैसे, ते आधीच्या १२ महिन्यांच्या हातात आलेल्या पगाराच्या साधारण ६५ टक्के, महिन्याला कमीत कमी ३०० आणि जास्तीत जास्त १८०० युरो, आणि दोघांनी वाटून घेतलं तर मिळून १४ महिने. स्कॉलरशिप मात्र यात पगार म्हणून धरत नाहीत, त्यामुळे हातात येणारे पैसे सारखे असले तरी एकीला बऱ्यापैकी रक्कम आणि दुसरीला ते ३०० युरोच. शिवाय तुझा व्हिसा निव्वळ स्टुडंटचा असेल आणि नोकरी नसेल तर बहुतेक वेळा तेही मिळत नाही. हे इथे येऊन पोट दिसायला लागल्यावर कळण्यापेक्षा आत्ताच कळलेलं बरं.

दुसरं म्हणजे पदाचा पैसा कुठून येतो. युनिव्हर्सिटीचं स्वतःचं पद आणि पीएचडीसाठी म्हणून दिलेलं कॉन्ट्रॅक्ट असेल तर तुझी संमती असली की जितकी रजा घेशील तितकं ते पुढे सरकतं, कायद्यातच आहे तसं. पण बाहेरच्या प्रोजेक्टच्या फंडिंगवर असशील तर असं आपोआप होत नाही, प्रोजेक्ट संपला की कॉन्ट्रॅक्टही संपू शकतं, मग तू रजेवर का असेनास.

आणि लॅबचं काम असेल तर अजून एक. प्रेग्नन्सी कळवली की घातक केमिकल्सजवळ जाता येत नाही. माझं फ्यूम हूडचं, म्हणजे केमिकल्सच्या वाफा ओढून घेणाऱ्या कपाटातलं, काम कळवलं त्याच आठवड्यात बंद झालं, पगार चालू राहिला पण सहा आठवड्यांच्या रजेच्या कितीतरी आधी प्रयोग थांबले. म्हणून रिझल्ट्स हातात येऊन लिखाणाकडे वळायचा जो काळ असतो तो मला सगळ्यात सोयीचा वाटतो, मी ऑफिसात बसून दोन चॅप्टर लिहून काढले.

नवरा डिपेंडंट व्हिसावर येणार म्हणालीस, त्याला इथे नोकरी करता येते आणि घरी राहून बाळही सांभाळता येतं, तसं खरंच ठरवा दोघांनी. बाळाला वर्ष झालं की किटामध्ये, म्हणजे पाळणाघरात, जागा मिळणं २०१३ पासून कायद्याने हक्काचं आहे, पण मोठ्या शहरात मारामारी असते, पोटात असतानाच नाव नोंदव. घरी येऊन बाळबाळंतीण बघणारी हेबामे पण तितक्याच लवकर शोध, सरकारी हेल्थ इन्शुरन्स तिचे पैसे भरतो.

घरच्यांना काय सांगायचं ते नंतर बघ. आधी ऑफरच्या मेलला उत्तर देताना एचआरला दोन गोष्टी विचार, कॉन्ट्रॅक्ट की स्कॉलरशिप, आणि पद युनिव्हर्सिटीचं की प्रोजेक्टचं. का विचारतेयस हे सांगायची काही गरज नाही. उत्तर आलं की इथे टाक, मी बघून सांगते.